घरटी एक नाव

तलासरीच्या नाक्यावर अमृत वरठाची इको गाडी कुठली असं विचारलंत, तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहायचे. पायलटची इको कुठली असं विचारा, की चार जण बोट दाखवायचे. आणि हे नाव काही त्याला उगाच चिडवायला ठेवलेलं नव्हतं. हा माणूस खरोखरचा पायलट. विमानाचा. सरकारी लायसनवाला. आता तो तलासरी ते चारोटी सीटा भरायचा, दापचरीला कुणाची पोती उतरवून द्यायचा, आणि मागच्या सीटवरची एखादी म्हातारी, खड्डे बघून चालव रे, माझी अंडी फुटतील, म्हणून त्याच्यावर खेकसायची, ही गोष्ट वेगळी.

तुम्ही म्हणाल, पायलट आहे तर इथं काय करत होता? हेच त्याला रोज कुणीतरी विचारायचं. सुरुवातीला बिचारा उत्तर द्यायचा, समजावून सांगायचा. पुढं पुढं नुसता गिअर बदलायचा.

लोकांना काय वाटतं, लायसन मिळालं की झालं. टेम्पोचं लायसन मिळालं की माणूस दुसऱ्या दिवशी टेम्पोवर बसतो ना, तसं. २०१४ साली अमृतलाही तसंच वाटलं होतं. बाप, काकड्या, तो लहान असतानाच ताडावरून पडून गेला. आई बुधीबाईनं दुसऱ्यांच्या चिकूच्या वाड्यांत फळं तोडून त्याला शिकवला. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन पास झालेला वडपाड्यातला तो पहिलाच. आदिवासी मुलांसाठीच्या एका शिष्यवृत्तीतून फ्लाइंग स्कूलला गेला, दोनशे तास उडाला, परीक्षा दिल्या आणि कमर्शियल लायसन घेऊन घरी आला. तारपा वाजवून नाचायचे दिवस नव्हते, तरी पाड्यानं त्या दिवशी तारपा काढला. वडाखालून बुधीबाईच्या दारापर्यंत त्याला नाचवत आणला.

त्याच्या मेडिकलची गोष्ट तर पाड्यात अजून सांगतात. मुंबईला एकट्या पोराला कसं पाठवायचं म्हणून शुक्राकाका सोबत गेला. शुक्रा म्हणजे काकड्याचा थोरला भाऊ. पाड्यात त्याचा शब्द चालतो, कारण तो कमी बोलतो. डॉक्टरांनी अमृतचे डोळे बघितले, कान बघितले, रंगीत ठिपके दाखवून आकडे वाचायला लावले, छातीला वायरी लावल्या, रक्त काढलं. शुक्रा बाहेर बाकावर बसून सगळं बघत होता. परत आल्यावर त्यानं वडाखाली एवढंच सांगितलं, की बैल घेताना आपण इतकं बघत नाही. पाडा आठवडाभर हसला.

मग कळलं खरं काय ते. मोठ्या कंपनीत लागायचं तर नुसत्या लायसनला कुणी विचारत नाही. लायसनवाले ढिगानं पडलेत. दोन इंजिनांच्या विमानाचं रेटिंग हवं. ढगात बाहेरचं काही दिसत नसताना नुसते काटे बघून विमान नेता येतं, याचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग हवं. रेडिओवर बोलायचं लायसन वेगळं, इंग्रजीची परीक्षा आणखी वेगळी. एवढं सगळं घेऊन गेलात तरी ते विचारणार, आमचं मोठं जेट चालवायचं टाइप रेटिंग आहे का? नसेल तर या. आणि एकदा मिळवलं की जन्माचं झालं, असंही नाही हो. मेडिकल दर वर्षी नवं, इन्स्ट्रुमेंटची परीक्षा दर वर्षी नवी. ताडी सकाळी उतरवली तर सकाळीच गोड लागते, दुपारपर्यंत ठेवली की आंबते. अमृतच्या लायसनचं, रेटिंगचं सगळं तसंच. एक मिळवावं तोवर मागचं आंबायला लागलेलं.

या धावपळीत चार वर्षं गेली. मधल्या काळात रिकामं बसून करणार काय, म्हणून शुक्राकाकानं आपली इको त्याच्या हातात दिली. अमृतनं ती मन लावून चालवली. चारोटीच्या चढावर गाडी धापा टाकायला लागली, की सीटा ओरडायच्या, पायलट, उचल आता! तोही हसायचा. तोंडातल्या तोंडात इंग्रजी रेडिओची वाक्यं म्हणायचा, कारण जीभ वळती ठेवायला हवी होती. आणि २०१८ च्या उन्हाळ्यात अखेर जमलं. मुंबईच्या एका ट्रस्टनं टाइप रेटिंगचा भार उचलला आणि अमृत बंगळुरूला सिम्युलेटरवर गेला. आता एकच पायरी राहिली, असं तो आईला सांगून गेला. बुधीबाईनं वडाखालच्या देवाला नारळ फोडला.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं इथंच बिनसलं.

अमृत बंगळुरूला असतानाच पाड्यांनी चारोटीला रास्ता रोको केला. धरण इथलं, पाणी जातं लांबच्या शहरांना, आणि इथल्या बायका मे महिन्यात दोन टेकड्या उतरून झऱ्यात वाटीनं पाणी भरतात. लोक चिडणार नाहीत तर काय करतील? इकडं मोर्चा म्हटला की घरटी एक माणूस जायलाच हवा, लग्नाला जातात तसा. आज जी काही चार गुंठे जमीन लोकांच्या नावावर आहे, ती अशीच बसून, उठून, पुन्हा बसून मिळालेली आहे. पोलिसांनी नावं घेतली, तर त्याचीही लाज नाही. उलट ज्या घराचं नाव घेतलं गेलं नाही, त्या घराकडे पाडा जरा तिरकाच बघतो.

दुपारी पोलिसांनी रस्ता मोकळा केला. बायकांना घरी जायला सांगितलं, पुरुषांना बाजूला बसवून घरटी एकेकाचं नाव लिहायला घेतलं. बुधीबाई पुरुषांच्या रांगेत बसली होती, ती उठेना. हवालदारानं तिला समजावलं, की बाई, तू जा, तुझ्या घरात माणूस नाही ना कुणी. तो काही वाईट मनानं बोलला नसेल. ऊन रणरणत होतं, त्याला काम उरकायचं होतं. पण नवरा गेल्यापासून हे वाक्य बुधीबाईनं इतक्यांच्या तोंडून ऐकलं होतं, की त्या दिवशी तिचं डोकंच फिरलं.

"माझ्या घरात माणूस आहे," ती म्हणाली. "लिही. अमृत काकड्या वरठा. विमान चालवतो."

सगळ्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. हवालदारानं मान वर करून विचारलं, कुठे आहे हा? तेव्हा शुक्रा, जो कधी थट्टा करत नाही, त्याला नेमकी तेव्हाच थट्टा सुचली. आत्ता इथंच होता, म्हणाला. झालं. हवालदारानं लिहून घेतलं, की अमृत काकड्या वरठा हा जमावात हजर होता आणि पोलिसांना बघून पळून गेला.

संध्याकाळी बुधीबाईनं फोन करून लेकाला हे सांगितलं. मोठ्या कौतुकानं सांगितलं. तुझं नाव मी सोडलं नाही रे, म्हणाली. अमृत नुकताच सिम्युलेटरमधून बाहेर आला होता. तो इतका हसला, इतका हसला, की डोळ्यांतून पाणी आलं. आपण इथं जेट उतरवत होतो आणि तिकडे हायवेवरून पळत होतो, हे त्यानं खोलीतल्या मुलांनाही सांगितलं. आपल्या पायात काय अडकलं, हे त्याला त्या दिवशी कळलं नाही. कळणार तरी कसं?

२०१९ च्या सुरुवातीला एका मोठ्या कंपनीनं बोलावलं. लेखी परीक्षा झाली, सिम्युलेटरवर परीक्षा झाली, मुलाखत झाली, डोकं ठिकाणावर आहे की नाही याचीही परीक्षा झाली. अमृत सगळ्यांत पास. जुलैच्या तुकडीत घेऊ, म्हणाले. बुधीबाईनं शेजारणींना गूळ वाटला. मग विमानतळाच्या पाससाठी पोलिसांची तपासणी आली आणि त्यात उघड झालं, की या उमेदवारावर गुन्हा आहे, खटला चालू आहे, आणि हा घटनास्थळावरून पळालेला आहे.

कंपनीतल्या बाई फोनवर फार सौजन्यानं बोलल्या. म्हणाल्या, जूनअखेरपर्यंत हे मिटवून आणा, आम्ही जागा धरून ठेवतो. त्यानंतर मात्र आमचा इलाज नाही. आणि इलाज कसा असेल? त्याच उन्हाळ्यात देशातली एक मोठी विमान कंपनी बसली होती. हजारो तास उडालेले, केस पिकलेले पायलट नोकरी मागत फिरत होते. दोनशे तासवाल्या नव्या पोरासाठी कोण किती थांबणार?

पाड्याची केस प्रविण नावाचा वकील बघायचा. चांगला माणूस, याच भागातला, फी मागायला लाजणारा. अमृत त्याच्याकडे गेला. प्रविणनं सगळं ऐकलं आणि म्हणाला, तू त्या दिवशी बंगळुरूला होतास हे दाखवणं काही अवघड नाही. मी अर्ज टाकतो, तुझं नाव निघेल. पण त्या अर्जात मला लिहावं लागेल, की नाव तुझ्या आईनं दिलं. मग आईला बोलावतील. ती आली की सरकारी वकील तिला पहिला प्रश्न काय विचारेल, सांग? तुमचा मुलगा नव्हता, मग कोण कोण होतं?

इथं खरी मेख होती. खटला सगळा गप्प बसण्यावर उभा होता. बाहेरचा एकही साक्षीदार पोलिसांकडे नव्हता. ट्रकवाले कधीच निघून गेले होते. कुणी काही बोललं नाही, तर आज ना उद्या केस आपोआप पडणार, असं प्रविणनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. म्हणून पाड्यात ठरलं होतं, की कुणीही, कुणाबद्दलही, होता किंवा नव्हता, हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

आणि शब्द काढला की काय होतं, हे लडक्याकडे बघून लहान पोरांनाही ठाऊक होतं. लडक्या पाड्याच्या टोकाला राहतो. बऱ्याच वर्षांपूर्वी जंगल जमिनीच्या एका केसमध्ये त्यानं कोर्टात सांगितलं, की मी तिथं नव्हतो, बाकीचे होते. तो सुटला, बाकीचे आत गेले. शुक्रा त्यांतला एक. त्या दिवसापासून लडक्याच्या शेतावर भात लावायला कुणी गेलं नाही. घर शाकारायला कुणी हात लावला नाही. त्याची बायको शुक्री गेली, तेव्हा खांदा द्यायला त्यानं दुसऱ्या गावातून माणसं आणली. बुधीबाईसुद्धा गेली नाही, आणि शुक्री तर तिची लहानपणची मैत्रीण. अमृतचंही काही वेगळं नव्हतं. लडक्या रस्त्याला हात करून उभा दिसला, की इकोचा वेग कमी व्हायचा नाही. थांबवली असती तर आतल्या सीटा उतरून गेल्या असत्या. पाडा दुष्ट आहे, असं समजू नका. एकाच्या तोंडापायी वीसेक घरं महिनोन्महिने बिनबापाची राहिली होती. ते कसं विसरणार?

तेव्हा अमृतनं अर्ज टाकला नाही. शुक्राकाकाकडे गेला. शुक्रानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तू नव्हतास हे सगळ्या पाड्याला ठाऊक आहे रे, पण कोर्टात नको. सरकार अशा केसा मागे घेतं, यंदा घेईल. अमृतनं मान हलवली. ज्या माणसानं मेडिकलच्या बाकावर दिवसभर उपाशी बसून वाट बघितली, त्याला काय उलट बोलणार?

एप्रिल गेला, मे गेला. अमृत चारोटीला सीटांची वाट बघत गाडीत बसून राहायचा. डोळे चांगले, कान चांगले, हात चांगले, हवी ती सगळी रेटिंग खिशात, आणि आपल्याच माणसांच्या मायेनं त्याला बांधून घातलेला. कुणाचा राग करावा? आईचा? काकाचा? हवालदाराचा? कुणावरही राग धरला तरी तो टिकायचा नाही. घरी सुकटीच्या कालवणात मीठ जास्त झालं म्हणून एकदा तो आईवर इतका ओरडला, की शेजारच्या घरातले आवाज बंद झाले. बुधीबाईनं ताट उचललं.

पण ती काही खुळी नव्हती. लेक मिठासाठी ओरडणाऱ्यातला नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाजाराच्या दिवशी ती सरळ प्रविण वकिलाकडे गेली आणि काय ते सांग म्हणून समोर बसली. त्याला सांगावंच लागलं. सांगून झाल्यावर त्यानं तिला परत परत बजावलं, की मावशी, कोर्टात येऊ नकोस, आणि आलीस तरी मागे बसून राहा, ओठ उघडू नकोस. बुधीबाई हो म्हणाली. ती हो म्हणाली यावर प्रविणनं विश्वास ठेवला, ही त्याची चूक.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात तारीख होती. शुक्रा आणि बाकीचे टेम्पोनं गेले. बुधीबाई अमृतच्या शेजारी इकोत पुढं बसली. तिनं लग्नाला नेसायचं लुगडं नेसलं होतं. तू कशाला येतेस, असं अमृतनं विचारलं, तर बाजारात काम आहे म्हणाली.

कोर्टात पंखा होता पण वारा नव्हता. एकेकाचं नाव पुकारलं जात होतं, एकेक जण हात जोडून पुढं उभा राहत होता. शुक्राचं नाव झालं, इतरांची झाली. अमृत काकड्या वरठा, असं पुकारल्यावर अमृत पुढं झाला, आणि मागच्या बाकावरून बुधीबाई उभी राहिली.

"सायेब, माझा पोर तिथं नव्हता," ती म्हणाली. "नाव मी दिलं. खोटं दिलं. तो बंगळुरूला होता. हे सगळे बसले होते, त्यांना विचारा."

प्रविणनं डोळे मिटून घेतले. अमृतला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. मॅजिस्ट्रेट साहेब तसे शांत होते. बाई, खाली बसा, असं मध्येच बोलता येत नाही, काय ते वकिलामार्फत अर्ज देऊन सांगा, म्हणाले. म्हणजे ज्यासाठी ती बोलली, ते तर कुणी लिहूनही घेतलं नाही. पण सरकारी वकील एव्हाना उठून उभा राहिला होता. त्यानं अगदी मऊ आवाजात तिला विचारलं, की मावशी, तुम्ही स्वतः बघितलंत का या सगळ्यांना बसलेलं? आणि बुधीबाई, त्या दिवशी रस्त्यावर सगळ्यांत पुढं बसलेली ती, अभिमानानं म्हणाली, बघितलं म्हणजे काय, मी होतेच ना तिथं.

बाईंना साक्षीदार म्हणून बोलवावं, असं सरकारी वकिलानं सांगितलं. साहेबांनी मान्य केलं. पुढची तारीख पडली ऑगस्टमधली.

बाहेर पायऱ्यांवर कुणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. लोक खाली मान घालून टेम्पोकडे गेले. बुधीबाई शेजारणीच्या नवऱ्याशी काहीतरी बोलायला गेली, तर तो वाकून चप्पल नीट करत राहिला. शुक्रा तेवढा अमृतजवळ थांबला. त्याचा चेहरा रागावलेला नव्हता, नुसता म्हातारा दिसत होता.

"गाडी उद्या सकाळी दारात आणून लाव," तो म्हणाला.

काकाची गाडी, काका मागणार. अमृतनं बरं म्हटलं. मग सात सीटांच्या त्या गाडीत बुधीबाई मागं जाऊन एकटीच बसली, आणि अमृतनं गाडी काढली. चारोटीच्या पुलाखाली फोन वाजला. कंपनीतल्या बाईच होत्या. झालं का काही, असं त्यांनी विचारलं. अमृतनं नाही म्हणून सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. सगळं मिटलं की पुन्हा अर्ज करा, तोवर मेडिकल आणि रेटिंग चालू ठेवा, म्हणाल्या. चालू ठेवा! कशावर ठेवायचं, गाडीसुद्धा हातात नसताना? अमृतनं थँक्यू म्हणून फोन खाली ठेवला आणि मग त्याचा बांध फुटला.

"तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?" त्यानं मागं न बघता विचारलं.

"नाव दिलं तेव्हा तरी कुणी सांगितलं होतं?" बुधीबाई म्हणाली.

अमृतनं गिअर बदलला. दापचरी मागं पडली. मग बुधीबाईनं हळूच विचारलं, की ऑगस्टात मी काय सांगू? बसले होते म्हणाले तर शुक्रा आत जाईल. काही बघितलं नाही म्हणाले तर आज मी खोटं बोलले असं होईल, मग तू बंगळुरूला होतास हेही खोटं ठरेल. तूच सांग, तू शिकलेला आहेस. अमृतला ढगातून विमान बाहेर काढायला शिकवलं होतं. यातून बाहेर पडायचं त्याला कुणीच शिकवलं नव्हतं. बघू, एवढंच तो म्हणाला, आणि त्या शब्दाची त्याची त्यालाच चीड आली.

हायवे सोडून गाडी पाड्याच्या रस्त्याला लागली. आभाळ भरून आलं होतं, दोन्ही बाजूंना भाताची रोपं वीतभर झाली होती. फाट्यावर लडक्या उभा होता. डोक्यावर खताची गोणी, एक हात वर. इको दिसली तसा त्यानं हात आपणहून खाली घेतला. इतक्या वर्षांची सवय.

अमृतनं ब्रेक दाबला.

लडक्या जागचा हलला नाही. कुणासाठी थांबली हे बघायला त्यानं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. तेव्हा तो पुढं आला, आत डोकावला, रिकाम्या सीटा बघितल्या, बुधीबाईचा चेहरा बघितला. कोर्टात काय झालं हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नसणार, पण त्याला ते सांगायला नको होतं. स्वतःच्या साक्षीनंतर अशी रिकामी गाडी त्यानंही एकदा बघितली होती. बुधीबाई खिडकीकडे सरकली. लडक्यानं गोणी पायाशी ठेवली, तिच्या शेजारी बसला आणि दार ओढून घेतलं.

"शुक्रीच्या मातीला मी आले नव्हते," बुधीबाई म्हणाली.

गाडी ओढ्याचा उतार उतरली, चढली. मग लडक्यानं बाहेर तिच्या शेताच्या दिशेनं बघितलं.

"तुझी रोपं झालीत," तो म्हणाला. "भात लावायला काढशील तेव्हा सांग. मी येईन."

कोर्टात न रडलेली बुधीबाई तेव्हा रडली. पदर तोंडात कोंबून, अंग गदागदा हलवून रडली, कारण यंदा आपल्या शेतावर दुसरं कुणी येणार नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. लडक्या गोणीवर हात ठेवून समोर बघत बसला.

वडाच्या वळणावर अमृतनं सवयीनं हॉर्न दिला. पाड्याचा टेम्पो आधीच पोचला होता आणि माणसं वडाखाली बसली होती. कुणीही मान वर करून बघितलं नाही.